‘रोझ’: दोनदा उघडणारं दार

चामड्याचं जॅकेट घातलेला एक माणूस एका मुलीला दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर काढतो. वर गच्चीवरचं यंत्र उडवायला चाललोय, त्यात बहुधा मरेनही, माझी काळजी करू नकोस, घरी जाऊन बीन्स-टोस्ट खा, असं एका दमात सांगतो आणि दार लावून घेतो. पुढच्याच क्षणी दार परत उघडतं. अरे हो, मी डॉक्टर. तुझं नाव काय? ती म्हणते, रोझ. भेटून बरं वाटलं, आता जीव मुठीत धरून पळ. दार पुन्हा बंद.

२६ मार्च २००५, शनिवार, संध्याकाळी सात, बीबीसी वन. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेचा शेवटचा नियमित भाग ६ डिसेंबर १९८९ला लागला होता. त्यानंतर सुरू झालेल्या नव्या पर्वाचा हा पहिला भाग, नाव ‘रोझ’. लेखक रसेल टी. डेव्हिस, दिग्दर्शक कीथ बोक, लांबी पाऊण तासाच्या आसपास. वर सांगितलेला प्रसंग पहिल्या काही मिनिटांतला आहे आणि अख्ख्या भागाची किल्ली त्यात आहे. ‘रोझ’मधल्या मोठ्या गोष्टी दोनदा घडतात. पहिल्या खेपेला दार बंद होतं, दुसऱ्या खेपेला ते उघडतं आणि मघाशी राहून गेलेली एकच माहिती हातात पडते. एकच, जास्त नाही. भाग चालला तो या काटकसरीमुळे, आणि जिथे कच्चा राहिला तिथेही हीच काटकसर नडली.

आधी अडचण काय होती ते बघू. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली आणि सव्वीस वर्षं चालली. तेवढ्यात सात नटांनी डॉक्टर केला. मरणाच्या दारात पोचला की तो अंगासकट स्वभाव बदलतो, ही सोय असल्यामुळे मालिकेला नट बदलता आले. त्याचं यान आतून बाहेरच्यापेक्षा मोठं, दिसायला निळी पोलीस-टेलिफोनची पेटी. त्याची जमात टाइम लॉर्ड, ग्रह गॅलिफ्रे, शत्रू डालेक, सायबरमेन, मास्टर आणि आणखी बरेच. हे सगळं माहीत असलेला प्रेक्षक एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शनिवारी संध्याकाळी सोफ्यावर बसलेलं आठ वर्षांचं पोर, ज्याच्या जन्माआधीच मालिका बंद पडली होती.

मधे १९९६मध्ये एकदा प्रयत्न झाला होता. पॉल मॅकगॅनला डॉक्टर करून टीव्हीसाठी चित्रपट काढला, अमेरिकेत फॉक्सवर आणि ब्रिटनमध्ये बीबीसीवर दाखवला. ब्रिटनमध्ये तो नव्वद लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, अमेरिकेत मात्र पुढची मालिका काढावी इतका प्रतिसाद मिळाला नाही. काय चुकलं ते बघायला पहिली दोन-चार मिनिटं पुरतात. सुरुवातीलाच निवेदन: मास्टर कोण, त्याला डालेकांनी कुठे मारलं, त्याचे अवशेष गॅलिफ्रेला का न्यायचेत. नव्या माणसाला यातलं एकही नाम ओळखीचं नाही. मग पडद्यावर येतो जुना डॉक्टर, सिल्व्हेस्टर मॅकॉय. तो सॅन फ्रान्सिस्कोत गोळ्या लागून कोसळतो, ऑपरेशनच्या टेबलावर मरतो आणि शवागारात त्याचा नवा डॉक्टर होतो. ज्याला बघायला लोक बसलेत तो मॅकगॅन उगवेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. मॅकगॅन मात्र फार छान आहे, ही त्यातली खरी हळहळ. जुन्या प्रेक्षकाशी इमान राखायच्या नादात कथा सुरू होण्याआधी हिशेब मिटवत बसली, आणि नव्या प्रेक्षकाच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या घरचा फोटो-अल्बम आला.

डेव्हिसने उलटं केलं. कॅमेरा डॉक्टरवर ठेवलाच नाही.

शीर्षकसंगीत संपतं. मरे गोल्डने नव्याने बांधलेल्या या संगीतात १९६३च्या मूळ ध्वनिमुद्रणाचे तुकडे आहेत, म्हणजे रॉन ग्रेनरची चाल आणि डेलिया डर्बिशरने फितीचे तुकडे कापून जोडून घडवलेला तो आवाज. मग चंद्राजवळून कॅमेरा पृथ्वीकडे झेपावतो, ब्रिटन, लंडन, आणि थेट एका गजराच्या घड्याळावर आदळतो. साडेसात. रोझ टायलर उठते, आईच्या गालाची पापी घेते, बस पकडते, हेन्रिक्स या दुकानात कपड्यांच्या घड्या घालते, दुपारी ट्रफाल्गर चौकात प्रियकर मिकीबरोबर सँडविच खाते, परत कामाला लागते. दुकान बंद व्हायची वेळ होते. संवाद जवळजवळ नाहीत, खाली गाणं वाजल्यासारखं संगीत. दोन-अडीच मिनिटांत एका मुलीचा अख्खा दिवस, आणि तो दिवस काल असाच होता, उद्या असाच असेल, हे न सांगता कळतं. विज्ञानकथेतल्या अवकाशाच्या दृश्याची सवय अशी की तिथून पुढे यान दिसावं. इथे घड्याळ दिसतं. या एका कटमध्ये मालिकेने आपला पत्ता सांगून टाकला.

ती दाराशी पोचते तेवढ्यात सुरक्षारक्षक तिच्या हातात लॉटरीच्या पैशांची पिशवी देतो. दुकानातल्या सगळ्यांनी मिळून काढलेल्या तिकिटांचे पैसे तळघरातल्या मुख्य इलेक्ट्रिशियनला, विल्सनला, नेऊन द्यायचे आहेत. म्हणून ती खाली जाते. हे कारण किती साधं आहे बघा. भुताटकीच्या गोष्टीत नायिका तळघरात का उतरते, याचं उत्तर लेखकांना सहसा नीट देता येत नाही. इथे ती कुतूहलाने जात नाही, कर्तव्य म्हणूनही नाही. घरी जायची घाई असलेल्या माणसाच्या गळ्यात शेवटच्या क्षणी पडलेलं काम आहे ते.

तळघरात कपड्यांचे पुतळे हलतात. रोझला वाटतं, कोणीतरी थट्टा करतंय. पुतळे तिला भिंतीपर्यंत रेटतात, एक हात वार करायला उठतो, आणि बाजूने दुसराच हात येऊन तिचा हात धरतो. डॉक्टरच्या तोंडचा पहिला शब्द: पळ. लिफ्टच्या दारात एका पुतळ्याचा हात अडकतो, तो डॉक्टर उपटून काढतो. मग लिफ्टमध्ये दोघांचं पहिलं खरं संभाषण होतं. ते विद्यार्थी असणार, रोझ म्हणते. का? कारण इतकी माणसं एकत्र येऊन, वेष करून असा खुळेपणा करायचा तर विद्यार्थीच हवेत. डॉक्टर म्हणतो, तर्क बरोबर आहे, शाब्बास. आणि मग: ते विद्यार्थी नाहीत.

नव्या पात्राची हुशारी कशी दाखवावी, याचा हा धडाच म्हणावा. तिचं उत्तर चूक आहे, पण विचार करायची रीत बरोबर आहे, आणि डॉक्टरला तेवढंच हवंय. ती बारावीलाही बसलेली नाही, हे आपल्याला पुढे कळतं. हुशारी त्याआधीच कळलेली असते.

या भागात काय सांगितलं नाही याची मोजदाद केली तर गंमत येते. डॉक्टर स्वतःला टाइम लॉर्ड म्हणवत नाही. गॅलिफ्रेचं नाव नाही (ते नव्या पर्वात पहिल्यांदा उच्चारलं जातं २००६च्या नाताळच्या भागात). रूप बदलण्याबद्दल चकार शब्द नाही. डालेक नाहीत, ते थेट सहाव्या भागात येतात. जे पुतळे धुमाकूळ घालतात त्यांना जुने प्रेक्षक ऑटॉन म्हणून ओळखतात, पण संवादात तो शब्दही येत नाही, फक्त शेवटच्या श्रेयनामावलीत दिसतो. एका युद्धाचा उल्लेख आहे, कोणाचं कोणाशी ते नाही.

मग जुन्या प्रेक्षकाला काय दिलं? आरसा दिला. रोझच्या घरी आलेला डॉक्टर जाता जाता आरशात डोकावतो आणि स्वतःच्या कानांकडे बघून, चला, बरं आहे म्हणायचं, अशा सुरात काहीतरी पुटपुटतो. नव्या माणसाला हा नुसता विनोद, कारण डॉक्टर झालेल्या क्रिस्टोफर एक्लस्टनचे कान खरंच नजरेत भरणारे आहेत. जुन्या माणसाला कळतं की हा चेहरा त्याने अजून धड बघितलेलाही नाही, म्हणजे बदल नुकताच झालाय. चार-पाच सेकंदांत दोन प्रेक्षकांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि कोणालाच आपण काही गमावतोय असं वाटलं नाही. १९९६च्या चित्रपटाने जे काम रक्त, शल्यक्रिया आणि शवागार लावून केलं, ते इथे एका आरशात भागलं. जरा वेळाने सोफ्यामागे प्लास्टिकचा तुटका हात डॉक्टरचा गळा धरतो. रोझ चहाकॉफीच्या गप्पांत दंग, तिला वाटतं हा चाळे करतोय. त्या घरात डॉक्टर शिरतो तोही दाराला मांजरासाठी केलेल्या झडपेतून तोंड दिसल्यावर. आधी झडप, मग दार. पुन्हा दोन खेपा.

पुतळ्यांचीच निवड का, यालाही व्यवहारी कारणं आहेत. ऑटॉन पहिल्यांदा आले जानेवारी १९७०मध्ये, जॉन पर्टवीच्या पहिल्या कथेत. तीही एका अर्थाने नवी सुरुवातच होती: नवा डॉक्टर आणि मालिकेचा पहिला रंगीत प्रसारणकाळ. त्या कथेत दुकानांच्या काचांमागचे पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर येतात, आणि ब्रिटनमधल्या एका पिढीला दुकानांच्या काचांची धास्ती बसली. गंमत अशी की १९७०मध्ये काच फुटताना दिसतच नाही. तेवढे पैसे नव्हते. आपण फुटण्याचा आवाज ऐकतो आणि पुढच्या चित्रात पुतळे बाहेर आलेले असतात. २००५मध्ये काचा खरोखर फुटतात. पस्तीस वर्षांची उधारी फेडल्यासारखं वाटतं.

शिवाय पुतळ्याला समजावून सांगावं लागत नाही. परग्रहावरचा नवा राक्षस आणला तर तो कुठून आला, काय खातो, कशाने मरतो यात पाच मिनिटं जातात. दुकानातला पुतळा हलला की पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना भीती आपोआप कळते. वाचलेली पाच मिनिटं रोझच्या वाट्याला आली. नव्या मालिकेच्या पहिल्या भागात सगळ्यात अवघड राक्षस वापरायचा मोह सगळ्यांना होतो. सोपा घ्यावा.

प्लास्टिकचा हात घेऊन डॉक्टर निघतो आणि रोझ मागे लागते. इमारतींमधून चालत चालत ती प्रश्न विचारते, तो उडवाउडवी करतो. मग ती विचारते, खरंच सांग, तू आहेस कोण? तो तिचा हात धरतो आणि म्हणतो, लहानपणी सांगतात ना, पृथ्वी फिरते. मला ते जाणवतं. पायाखालची जमीन ताशी हजार मैलांनी फिरतेय, ग्रह सूर्याभोवती ताशी सदुसष्ट हजार मैलांनी धावतोय, आणि आपण त्याच्या सालीला चिकटून आहोत. मग तो हात सोडतो.

आकडे तपासून बघायला हरकत नाही. सूर्याभोवतीचा वेग साधारण ताशी १,०७,००० किलोमीटर, म्हणजे सदुसष्ट हजार मैल बरोबर. फिरण्याचा हजार मैलांचा आकडा मात्र विषुववृत्तावरचा आहे, तिथे तो ताशी सुमारे १,६७० किलोमीटर पडतो. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे, तिथे उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन ताशी जेमतेम १,०४० किलोमीटरने, म्हणजे साडेसहाशे मैलांनी फिरते. डॉक्टरने लंडनमध्ये उभं राहून विषुववृत्ताचा आकडा सांगितला. अर्थात साडेसहाशे म्हटलं असतं तर वाक्याचा तोल गेला असता, आणि मला हजारच आवडतो.

या भाषणाचं काम बघा. प्रश्न होता, तू कोण? उत्तरात नाव, गाव, जमात काहीच नाही, फक्त एक जाणीव आहे, आणि तीही हाताने दिलेली. चरित्र सांगण्याऐवजी त्याला जग कसं भासतं ते दिलं. एक्लस्टन इथे विनोदी चेहरा पुसून टाकतो आणि हा माणूस खरंच इथला नाही हे पटतं. संपूर्ण भागात अंगावर काटा येतो तो इथे. तेव्हा एकही इफेक्ट चालू नसतो.

रोझ मग इंटरनेटवर शोध घेते आणि क्लाइव्ह नावाच्या गृहस्थाच्या घरी पोचते. मागच्या शेडमध्ये त्याने डॉक्टरबद्दल कागद जमवलेत: केनेडीच्या हत्येच्या गर्दीत तोच चेहरा, टायटॅनिकवर जायचं ऐनवेळी रद्द केलेल्या कुटुंबाबरोबरच्या फोटोत तोच चेहरा, १८८३च्या क्राकाटोआच्या स्फोटानंतर वाहून आलेल्या चित्रातही तोच. मार्क बेंटनने क्लाइव्ह झकास केलाय. तो वेडा नाही, आपुलकीने बोलणारा बापमाणूस आहे. जुन्या चाहत्याचंच हे चित्र आहे, हे उघड आहे. त्याच्या बायकोला आश्चर्य वाटतं ते डॉक्टरच्या वेबसाइटवरून एक मुलगी घरी आली याचं. चाहतावर्गाला हा प्रेमाने मारलेला टोमणा आहे. पुढे बाजारात पुतळे जिवंत होतात तेव्हा क्लाइव्ह घाबरत नाही. इतकी वर्षं वाचलेलं खरं निघालं याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर येतो, आणि समोरच्या पुतळ्याचा पंजा गळून आतली नळी त्याच्यावर रोखली जाते. बायको-मुलासमोर. ज्याला सगळं ठाऊक होतं तो मेला, जिला काहीच ठाऊक नव्हतं ती आत गेली. निष्ठुर आहे हे, पण मुद्दाम केलेलं आहे आणि बरोबर आहे.

बरोबर नाही ते याच्या आजूबाजूला. रोझ क्लाइव्हच्या घरात असताना बाहेर मिकी मोटारीत थांबलाय, आणि चाकांचा प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा त्याला गिळतो. हात झाकणाला चिकटतात, प्लास्टिक चिंगमसारखं ताणतं, डबा त्याला आत ओढतो, आणि ढेकर देतो. ढेकर. कल्पना वाईट नव्हती. पुतळा नसलेलं प्लास्टिकही धोक्याचं आहे हे दाखवायला एक प्रसंग हवाच होता. पण ढेकर दिल्यावर धोका संपतो आणि कार्टून सुरू होतं. पुढे त्याच भागात क्लाइव्ह मरणार असेल तर प्रेक्षकाने कोणतं प्लास्टिक खरं मानायचं? मग मिकीचा प्लास्टिकचा तोतया चकचकीत चेहऱ्याने येतो, रोझला रेस्तराँमध्ये नेतो, डॉक्टरबद्दल उलटतपासणी घेतो. रोझला काहीच खटकत नाही. लिफ्टमध्ये जिची बुद्धी चालली ती मुलगी इथे प्रियकराचं तोंड मेणासारखं झालेलं ओळखत नाही. ही पटकथेतली गाठ आहे, नटाची चूक नाही: प्रसंगाला शॅम्पेनच्या बुचाचा विनोद हवा होता (डॉक्टर बूच उडवतो, ते तोतयाच्या कपाळात रुततं आणि तो ते तोंडातून थुंकून काढतो), म्हणून रोझला दोन मिनिटं आंधळं व्हावं लागलं. पहिल्या भागात नायिकेच्या अकलेतून उसने घेऊन विनोद करू नये. ते परत फेडता येत नाही.

डोकं उपटलेला तोतया हातांचे पट्टे करून मागे लागतो आणि दोघं मागच्या अंगणात अडकतात. फाटकाला साखळी. डॉक्टर निवांतपणे निळ्या पेटीत शिरतो. लाकडी खोक्यात लपून काय होणार, म्हणत रोझ मागोमाग आत जाते, क्षणभर थबकते आणि बाहेर पळते. पेटीभोवती पूर्ण चक्कर मारते. मागे काही नाही. परत आत येते.

ही चक्कर फार मोलाची आहे. आतून मोठं यान हा मालिकेतला सगळ्यात जुना चमत्कार, एव्हाना लाखो लोकांनी पचवलेला. तो पुन्हा नवा करायचा तर मोठा सेट पुरत नाही. कोणीतरी आपल्यासाठी तपासणी करायला हवी. आत पाऊल टाकल्यावर कॅमेरा आधी तिचा चेहरा धरतो, खोली नाही. पेटीचा आकार ती चालून मोजते. मग आत आल्यावर खोलीची भव्यता नीट उलगडते. आणि प्रेक्षक अर्ध्याहून जास्त भाग बसलाय, तेव्हा कुठे हे बघायला मिळतंय. पेटी तशी आधीच दिसलेली आहे: दुकान उडाल्यावर रोझ पळत असते तेव्हा ती तिच्या वाटेवर उभी आहे, कोणी तिकडे लक्ष देत नाही. पुन्हा तीच रीत, पहिल्यांदा बाजूने जाऊ द्यायचं.

आत आल्यावर रोझ रडवेली होते. डॉक्टरला वाटतं, धक्का बसला. ती म्हणते, मिकी मेला का? त्याच्या हे लक्षातच नव्हतं. तो चिडतो, या ग्रहावरच्या प्रत्येक मूर्ख वानराला वाचवायच्या गडबडीत एक पोरगा विसरला तर काय, असं बोलून जातो. तो परग्रहावरचा आहे हे तिने आत्ताच विचारून घेतलंय. त्याचा अर्थ काय, ते आता कळतं. त्याचा उच्चार उत्तर इंग्लंडचा कसा, हा तिचा प्रश्न आणि बऱ्याच ग्रहांना उत्तर दिशा असते हे त्याचं उत्तर, हा या भागातला सगळ्यात गाजलेला विनोद. पण त्याचंही काम आहे. डॉक्टर म्हणजे उच्चभ्रू इंग्रजी बोलणारा कोणीतरी, हा जुना ठसा एका ओळीत पुसला.

पुढचा भाग मी भरभर सांगतो, कारण तोही भरभरच जातो. पुतळ्यांना आज्ञा देणारं प्रक्षेपक यंत्र लंडनमध्येच कुठेतरी आहे: मोठं, गोल, धातूचं. डॉक्टर ते हुडकत बोलत असतो, मागे लंडन आय झगमगत असतं, रोझ नुसती त्याच्या खांद्यावरून बघत राहते. तो वळून बघतो, काय? पुन्हा वळतो, काय? तेव्हा त्याला दिसतं. त्याखाली भुयारात वितळलेल्या प्लास्टिकच्या हौदात नेस्टीन कॉन्शसनेस नावाचा जीव. डॉक्टर आधी बोलणी करतो, कराराचं कलम सांगतो. त्याच्या खिशात प्लास्टिक नष्ट करणाऱ्या द्रवाची कुपी आहे. ती पुतळ्यांना सापडते आणि बोलणी फिसकटतात.

आता हा दोष मान्यच करावा लागेल. शत्रूवरचा उपाय कथेच्या आधीपासून नायकाच्या खिशात आहे. तो कसा बनला, कुठून आणला, काही नाही. कुपी हौदात पडायची तेवढी बाकी असते. कथानक म्हणून हे पोकळ आहे, आणि काटकसर इथे अंगाशी येते. एखाद्या वाक्याने त्या कुपीचं मोल वाढलं असतं. पण डेव्हिसला तो प्रश्न सोडवायचाच नव्हता. त्याला डॉक्टरचे हात बांधायचे होते. दोन पुतळ्यांनी धरलेला डॉक्टर ओरडतो की तुमचं जग मी वाचवू शकलो नाही, कोणाचंच वाचवू शकलो नाही. युद्धाबद्दल मिळते ती एवढीच माहिती, पण एक्लस्टन ती अशी बोलतो की पुढचे बारा भाग त्या वाक्याच्या मागे जातात. आणि मग रोझ स्वतःचा हिशेब मांडते: परीक्षा पास नाही, नोकरी उरली नाही, पुढे काही नाही, पण सात वर्षांखालच्या मुलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये शाळेत कांस्यपदक आहे. कुऱ्हाडीने साखळी तोडते, झोका घेते, पुतळ्याला लाथेने हौदात घालते. सुवर्ण नाही, रौप्य नाही, कांस्य. ती तयारीची योद्धी नाही हे पदकाच्या रंगात आलं.

निर्मितीतल्या दोन-तीन गोष्टी भाग बघताना उपयोगी पडतात. हे लंडन बरंचसं कार्डिफमध्ये उभं केलेलं आहे, कारण मालिका बीबीसी वेल्सची. क्लाइव्ह मरतो तो बाजार कार्डिफचा क्वीन्स आर्केड. चित्रीकरण जुलै २००४मध्ये सुरू झालं आणि पहिल्या गटात हा भाग आणि चौथा-पाचवा भाग एकत्र केले. अख्खी टोळी एकाच वेळी मालिकेचा सूर शोधत होती. डब्याची ढेकर आणि पृथ्वीचं भाषण एकाच भागात का नांदतात, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. चित्रण साध्या स्टँडर्ड डेफिनिशनमध्ये झालं, मालिका एचडीत गेली ती थेट २००९च्या ईस्टरला. म्हणून आजच्या मोठ्या पडद्यावर हा भाग थोडा मऊ, पुसट दिसतो. तुमच्या टीव्हीचा दोष नाही.

प्रसारणाच्या दिवशी काही ठिकाणी सुरुवातीच्या मिनिटांत ग्रॅहम नॉर्टनच्या नाचाच्या कार्यक्रमाचा आवाज मधेच मिसळला. त्याआधी काही आठवडे भागाची प्रत इंटरनेटवर फुटली होती. तरी हा भाग १ कोटी ८ लाख लोकांनी पाहिला. चार दिवसांनी, ३० मार्चला, दुसरं पर्व मंजूर झालं आणि त्याच दिवशी एक्लस्टन सोडून जाणार असल्याची बातमी आली. म्हणजे नटबदलाची जी गोष्ट पहिल्या भागाने मुद्दाम लपवली होती, ती वर्तमानपत्रांनी आठवड्याच्या आत सांगून टाकली.

ज्याला मालिका सुरू करायची आहे त्याने पहिले तीन भाग सलग बघावेत. पहिला आजच्या लंडनमध्ये, दुसरा पाच अब्ज वर्षांनंतर पृथ्वीच्या शेवटाला, तिसरा १८६९च्या कार्डिफमध्ये चार्ल्स डिकन्सबरोबर. वर्तमान, भविष्य, भूतकाळ; यान काय करू शकतं ते तीन शनिवारांत वाटून दिलंय. याच डेव्हिसने मे २०२४मध्ये पुन्हा एक नवी सुरुवात केली, ‘स्पेस बेबीज’ या भागाने. तिथे डॉक्टर पहिल्या काही मिनिटांतच नव्या सोबतिणीला जमात, ग्रह, आपण अनाथ असल्याचं, सगळं सांगून मोकळा होतो. एकोणीस वर्षांपूर्वी जे तेरा भागांत थेंबाथेंबाने दिलं होतं, ते एका घोटात. माहिती तीच, पण पृथ्वी फिरल्याचं जाणवत नाही.

१९६३च्या पहिल्या भागातही दोन शिक्षक एका विद्यार्थिनीचा पाठलाग करत भंगाराच्या आवारात आले होते आणि निळ्या पेटीत शिरले होते. दिग्दर्शक होते लखनौमध्ये जन्मलेले वारिस हुसेन. तो भागही दोनदा करावा लागला होता. पहिलं चित्रण वरिष्ठांना पसंत पडलं नाही म्हणून सगळं नव्याने घेतलं. सामान्य माणसाच्या नजरेतून आत शिरायची रीत तिथलीच. फरक एवढाच की त्या शिक्षकांना कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या डॉक्टरने कळ दाबली आणि पळवून नेलं.

रोझला विचारलं जातं. हौद जळून गेल्यावर, मिकीला तिथून बाहेर काढल्यावर, रात्री गल्लीत डॉक्टर म्हणतो, येतेस का? हा डबा फक्त लंडनमध्ये फिरत नाही, विश्वात कुठेही जातो. मिकी तिच्या पायाला मिठी मारून बसलेला. ती नाही म्हणते. आई आहे, याला सांभाळायचंय. डॉक्टर बरं म्हणतो, दार लावतो, पेटी घरघरत नाहीशी होते. रोझ मिकीला घेऊन वळते. आणि मागे पुन्हा तीच घरघर. दार उघडतं, डोकं बाहेर येतं: सांगायचं राहिलं, ही काळातही जाते.